हरित हायड्रोजनचा उसना पडदा

मध्य प्रदेशातल्या विजयपूरला गेल या सरकारी वायू कंपनीचे मोठे वायू-संकुल आहे. मे २०२४ मध्ये तिथे १० मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारे यंत्र, सुरू झाला. दिवसाला ४.३ टन हायड्रोजन, शुद्धता ९९.९९९ टक्के. उद्घाटनाची बातमी सगळीकडे झळकली आणि तिच्या शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी होते की यंत्र कॅनडाहून आणले आहे. ते वाचून कोणाला वावगे वाटले नाही, वाटायचे कारणही नाही. पहिले यंत्र बाहेरून आणावेच लागते. मला काळजी आहे ती पाचशेव्या यंत्राची.

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन, त्यासाठी १२५ गिगावॅट नवी अक्षय वीज आणि १९,७४४ कोटी रुपये. या रकमेची फोड पाहण्यासारखी आहे. १७,४९० कोटी उत्पादकांना प्रोत्साहन म्हणून. त्यातले १३,०५० कोटी हायड्रोजन बनवणाऱ्यांना आणि ४,४४० कोटी इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्यांना. १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांना. संशोधनाला ४०० कोटी. म्हणजे रुपयातले दोन पैसे.

संशोधनाला पैसे कमी मिळतात ही रड जुनीच आहे, ती पुन्हा आळवण्यासाठी हा लेख नाही. उरलेल्या अठ्ठ्याण्णव पैशांतून जी यंत्रे देशात उभी राहतील, त्यांच्या पोटातल्या एका वस्तूची जबाबदारी या सगळ्या योजनेत कोणाच्याच गळ्यात पडलेली नाही. ती वस्तू म्हणजे मेम्ब्रेन, दोन वायूंच्या मधला प्लास्टिकचा पडदा. तो कोणता निवडायचा हा तंत्रज्ञांच्या समितीवर सोडून देण्याचा विषय नाही. त्यात सरकारी पैसा आहे, परदेशावरचे अवलंबित्व आहे आणि एखाद्या खाडीच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

आधी हा पडदा करतो काय ते सांगतो. शाळेत विद्युत अपघटनाच्या प्रयोगात दोन नळ्यांत दोन वायू वेगळे गोळा व्हायचे, पडदा लागत नसे, कारण दोन इलेक्ट्रोड एकमेकांपासून चांगले लांब असत. कारखान्यात ही चैन परवडत नाही. इलेक्ट्रोडमधले अंतर जितके जास्त तितकी वीज मधल्या द्रावणाला तापवण्यात वाया जाणार. एक किलो हायड्रोजनसाठी तत्त्वतः सुमारे ३९.४ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात ५० ते ५५ लागते. हा मधला फरक हेच या धंद्याचे सगळे दुखणे, कारण हरित हायड्रोजनच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा विजेचाच असतो. म्हणून इलेक्ट्रोड जवळ आणायचे, जवळजवळ चिकटवायचेच. चिकटवले की हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांत मिसळण्याचा धोका. मग मध्ये असे काहीतरी हवे जे आयनांना वाट देईल, वायूंना अडवेल, इलेक्ट्रॉनला तर अजिबात जाऊ देणार नाही, ८० अंशांच्या आसपास तापमानात, एका बाजूला दाब असताना, तीव्र आम्लात किंवा तीव्र अल्कलीत साठ हजार तास टिकेल. वर्षाचे तास ८,७६० असतात. म्हणजे जवळपास सात वर्षे.

पडदा पातळ केला की रोध कमी होतो, वीज वाचते. पण पातळ पडद्यातून हायड्रोजन जास्त झिरपतो. या दोन गोष्टींच्या ओढाताणीत मेम्ब्रेनचे सगळे शास्त्र येते. आपल्यासाठी तर हे आणखी टोकदार आहे, कारण आपण सौर विजेवर हायड्रोजन करायचा म्हणतो. दुपारी यंत्र पूर्ण क्षमतेने चालते तेव्हा ऑक्सिजन भरपूर निघतो, त्यात झिरपलेला हायड्रोजन नगण्य ठरतो. सकाळी आणि संध्याकाळी वीज कमी, ऑक्सिजन कमी, पण झिरपणे जवळपास तेवढेच. ऑक्सिजनमधले हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की मिश्रण स्फोटक होते. त्याच्या निम्म्यावरच यंत्र बंद पाडावे लागते. अल्कलाइन, म्हणजे अल्कलीच्या द्रावणावर चालणारा, इलेक्ट्रोलायझर कमी भारावर नीट चालत नाही असे जे म्हणतात त्याचे मोठे कारण हे. म्हणजे सौर दिवसातला किती वेळ हायड्रोजन निघेल, ते पडद्याची भोके केवढी आहेत यावर बऱ्याच अंशी ठरते. दक्षिण कोरियात गांगनुंग येथे मे २०१९ मध्ये अशाच एका प्रात्यक्षिक प्रकल्पातल्या हायड्रोजनच्या टाक्या फुटल्या आणि दोन माणसे गेली. टाकीत नको तेवढा ऑक्सिजन पोहोचला होता.

आता सरकारी योजनेकडे वळू. इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्याला पहिल्या वर्षी किलोवॅटमागे ४,४४० रुपये आणि उतरत्या भाजणीने पाचव्या वर्षी १,४८० रुपये मिळतात. सोबत स्थानिक मूल्यवर्धनाची दरवर्षी वाढत जाणारी अट आहे. ऐकायला ठीक वाटते. घोडे पेंड खाते ते मोजमापात. मूल्यवर्धन किमतीवर मोजले जाते, आणि इलेक्ट्रोलायझरच्या प्रकल्पात पोलाद, पाइप, रेक्टिफायर, टाक्या, थंड करायची यंत्रणा, नट-बोल्ट यांचीच किंमत मोठी असते. मेम्ब्रेनचा वाटा त्या मानाने थोडा. एखादा कारखाना दरवर्षी टक्केवारीची पायरी चढत जाईल, अनुदान पूर्ण घेईल आणि पाचव्या वर्षीही पडदा परदेशातून आलेल्या रोलमधूनच कापत असेल. यात नियमभंग काहीच नाही. सौर पॅनेलच्या बाबतीत आपण हे पाहिले आहे. जोडणी इथे, सेल बाहेरचे, वेफर त्याहून पलीकडचे. सेलचे कारखाने आता कुठे उभे राहत आहेत.

याहून जुना आणि जास्त बोलका दाखला कॉस्टिक सोड्याचा आहे, आणि धोरणकर्त्यांनी सोलरपेक्षा तो आधी पाहायला हवा होता. मिठाच्या पाण्याचे विघटन करून कॉस्टिक आणि क्लोरिन बनवतात. पूर्वी हे पाऱ्याच्या सेलमध्ये होई. मिनामाता इथल्या पाऱ्याच्या विषबाधेने जपान हादरला, आणि १९७३ मध्ये तिथल्या सरकारने या उद्योगाला पारा सोडायला लावला. १९७५ मध्ये असाही केमिकलने (आजची असाही कासेई) नोबेओका येथे मेम्ब्रेनवर चालणारा कारखाना सुरू केला. आज या धंद्यातले मेम्ब्रेन विकणारे जगात मोजून तीन मोठे: असाही कासेई, एजीसी आणि ड्यूपाँटमधून २०१५ मध्ये वेगळी झालेली केमूर्स. तिघांपैकी दोन जपानी आहेत आणि त्यामागे एक सरकारी निर्णय आहे.

आपणही पारा सोडला. २००३ मध्ये उद्योगांसाठी पर्यावरणविषयक सनद झाली, पाऱ्याचे सेल २०१२ पर्यंत मेम्ब्रेनवर न्यायचे ठरले आणि बहुतेक उद्योगाने ते केलेही. प्रदूषणाच्या दृष्टीने हे काम खरोखर चांगले झाले, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण जपानने पारा सोडताना मेम्ब्रेन घडवले, आपण पारा सोडताना मेम्ब्रेनची ऑर्डर दिली. कॉस्टिकच्या कारखान्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. मिठाच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम अब्जात वीस भागांच्या वर गेले की मेम्ब्रेन चोंदायला लागते, व्होल्टेज चढते आणि शिफ्टमधल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात, कारण नवे मेम्ब्रेन म्हणजे समुद्रापारची ऑर्डर. दर चार-पाच वर्षांनी ते बदलावेच लागते. इतक्या वर्षांत, इतक्या टनांवर, हे एक पान देशात बनावे असे कोणाला वाटले नाही.

हरित हायड्रोजनच्या बाबतीत आपण त्याच वळणावर उभे आहोत, फक्त या वेळी सरकारी पैसा कितीतरी मोठा आहे.

मग काय, आपणही ड्यूपाँटसारखे मेम्ब्रेन बनवायचे? माझे उत्तर नाही असे आहे.

प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेनवर चालणारे इलेक्ट्रोलायझर, ज्यांना सगळे पेम म्हणतात, ते देखणे यंत्र आहे यात वाद नाही. आटोपशीर, चटकन कमीजास्त होणारे, सौर विजेशी जुळवून घेणारे. त्यातला पडदा नाफिऑन किंवा त्याच्या भावंडांपैकी एक असतो. हातात घेतला तर जाडसर सेलोफेनसारखा वाटतो. १८३ मायक्रॉन जाडीचा, नवा असताना पारदर्शक. महिनोन्‌महिने कपाटात पडला तर पिवळसर पडतो. वापरण्याआधी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तासभर, मग शुद्ध पाण्यात, मग सौम्य सल्फ्युरिक आम्लात, मग पुन्हा पाण्यात, असे ८० अंशांवर त्याचे स्नान घालावे लागते, आणि त्यात तो चारी बाजूंनी फुगतो. आधी मापात कापला असेल तर चौकटीबाहेर येतो. हातमोज्यांशिवाय धरायचा नाही, टोकदार चिमटा वापरायचा नाही. एका भोकाने सगळा सेल वाया जातो. हे काम शिकणाऱ्या मुलांच्या हातून पहिले दोन-चार तुकडे असेच जातात आणि गाइडच्या चेहऱ्यावर तुकड्याची किंमत स्पष्ट वाचता येते.

हा पडदा तीव्र आम्लासारखा वागतो, म्हणून त्याच्या शेजारी साधे धातू टिकत नाहीत. ॲनोडला इरिडियम लागते. जगात वर्षाला इरिडियम निघते सात-आठ टन, आणि तेही बहुतांश दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणीत जोडउत्पादन म्हणून. आजच्या तंत्राने एका गिगावॅटला साधारण ४०० किलो लागते. आपल्या ५० लाख टनांसाठी ६० ते १०० गिगावॅट इलेक्ट्रोलायझर लागतील असा अंदाज आहे. खालचा आकडा धरला आणि सगळे पेमचे घेतले तर २४ टन इरिडियम, म्हणजे अख्ख्या जगाचे तीन वर्षांचे उत्पादन, एकट्या भारताला. इरिडियमचे प्रमाण कमी करण्याचे प्रयोग चालू आहेत आणि ते यशस्वी होतीलही, पण त्या यशाच्या भरवशावर देशाचे धोरण आखायचे का?

दुसरी अडचण याहून मला जास्त टोचते. नाफिऑनसारखी मेम्ब्रेन ही फ्लोरिनयुक्त रसायनांच्या त्या कुळातली आहेत ज्यांना आज जग चिरंजीव रसायने म्हणून ओळखते. पडदा स्वतः बऱ्यापैकी स्थिर असतो; घाण होते ती तो बनवताना. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत अशा कारखान्यातून आलेली रसायने सापडल्याचे २०१७ मध्ये उघड झाले आणि त्या नदीचे पाणी पिणाऱ्या शहरांची झोप उडाली. ३एम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले की २०२५ अखेर आपण ही रसायने बनवणे थांबवू. २०२३ च्या सुरुवातीला जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी युरोपीय रसायन संस्थेपुढे या कुळातल्या सुमारे दहा हजार रसायनांवर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव ठेवला.

आपल्याला हे दूरचे वाटेल. पण इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो येथे मितेनी नावाचा कारखाना होता. तो मेम्ब्रेन बनवत नसे, याच कुळातली इतर रसायने बनवत असे. त्याच्यामुळे व्हेनेतो प्रांतातले भूजल दूषित झाले, लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला, २०१८ मध्ये तो दिवाळखोरीत गेला आणि २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्या प्रकरणात अकरा जणांना शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकली गेली. ती आली रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला. इथे तेच घडते आहे असे मी म्हणत नाही. यंत्रे तीच असली तरी कारखाना वेगळ्या रीतीने चालवता येतो. पण लोट्याच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार किती वर्षे तक्रारी करत आहेत ते कोकणात कोणालाही विचारा. आपल्या नळाच्या पाण्यात ही रसायने नियमित तपासलीही जात नाहीत. जी रसायने युरोप सोडू पाहतो आहे, त्यांवर आधारलेला नवा उद्योग आपण ‘आत्मनिर्भर’ म्हणून उभारायचा आणि तो बहुधा अशाच एखाद्या खाडीच्या काठी जायचा, हा सौदा मला मान्य नाही. हायड्रोजन हरित आणि खाडी काळी, अशी वाटणी नको.

आयातच करत राहू, घाण त्यांच्याकडे राहील, असे कोणी म्हणेल. म्हटले तर ते दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे झालेच, शिवाय ज्या मालावर युरोपात निर्बंध येऊ घातले आहेत त्याचा पुरवठा आणि भाव आपल्या हातात कसे राहणार?

तर मग वाट कोणती? माझ्या मते दोन आहेत, एक आजची आणि एक उद्याची, आणि दोन्हींत फ्लोरिनची गरज नाही.

आजची वाट अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरची. त्यात २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते, इलेक्ट्रोड निकेलचे असतात, इरिडियमचा प्रश्नच नाही. पूर्वी त्यात ॲस्बेस्टॉसचा पडदा असे. आज त्याची जागा झिरफॉन नावाच्या पडद्याने घेतली आहे: पॉलिसल्फोन नावाचे प्लास्टिक, त्यात जिरकॉनियाची पूड आणि आधाराला जाळीदार कापड. तो बनवते बेल्जियममधल्या मोर्टसेलची आग्फा. होय, तीच फोटोफिल्मवाली आग्फा. बेल्जियममधल्याच एका सरकारी संशोधन संस्थेत या पडद्याचे शास्त्र घडले आणि फिल्मवर एकसारखा थर द्यायची दशकांची सवय असलेल्या कंपनीने तो मीटरच्या हिशेबाने काढायला घेतला. फुजीफिल्मनेही हेच केले, नेदरलँड्समधल्या टिलबर्गला ती आयन-विनिमय मेम्ब्रेन बनवते. फोटोचे रोल संपले, पण थर देणारी माणसे आणि यंत्रे वाया गेली नाहीत.

आपल्याकडेही थर देणारा कारखाना होता. उटीला १९६० मध्ये स्थापन झालेला हिंदुस्तान फोटो फिल्म्स, ज्याची ‘इंदू’ फिल्म आणि एक्स-रे प्लेट चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. तो आधी आजारी पडला, मग वर्षानुवर्षे पगारापुरता जिवंत राहिला आणि शेवटी बंद झाला. फोटोफिल्म मेली हे खरेच होते. पण तो कारखाना नेमके काय जाणतो, हा प्रश्न विचारला गेला असता तर आज कदाचित वेगळे काही लिहावे लागले असते.

झिरफॉनसारखा पडदा बनताना एकदा पाहावा. पॉलिसल्फोन एका द्रावकात विरघळवतात, त्या दाट, मधासारख्या रसात जिरकॉनिया घोटतात, सपाट पात्याने तो कापडावर पसरतात आणि पाण्यात बुडवतात. काही सेकंदांत द्रावक पाण्यात निघून जातो आणि चकचकीत ओला थर पांढरा, मॅट होतो. जिथे द्रावक होता तिथे सूक्ष्म छिद्रे राहतात. पाणी दोन अंशांनी गार असले, हवेत दमटपणा जास्त असला, पाते किंचित वाकडे असले की छिद्रे बदलतात. प्रयोगशाळेत तळहाताएवढा तुकडा उत्तम येतो. मीटरभर रुंद आणि शेकडो मीटर लांब रोल, पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत सारखा, हे वेगळेच काम आहे. त्याला शोधनिबंध लागत नाही, फोरमन लागतो.

आणि जिन्नस? पॉलिसल्फोन आपल्याला अनोळखी नाही. रसायन-उद्योजक केकी घरडा यांच्या कंपनीने ते स्वतःच्या तंत्राने विकसित केले आणि गुजरातेत पानोलीला काढले. २००६ मध्ये तो व्यवसाय बेल्जियमच्या सॉल्व्हेने विकत घेतला. म्हणजे ज्या देशात पडदा बनतो त्याच देशातली कंपनी आपल्याकडचे प्लास्टिक घेऊन बसली. जिरकॉनियासाठी लागणारी झिरकॉन वाळू केरळात चवऱ्याच्या आणि ओडिशात छत्रपूरच्या किनाऱ्यावर आहे. द्रावक म्हणून वापरतात ते एनएमपी सोलापूरची कंपनी बनवते. ते द्रावकही निरुपद्रवी नाही, प्रजननाला घातक मानले जाते, पण ते पाण्यातून परत मिळवता येते आणि चिरंजीव तर नक्कीच नाही. आधाराच्या कापडाचा धागा सुरुवातीला बाहेरून आणावा लागला तरी विणायला इचलकरंजी आहे.

उद्याची वाट ॲनायन एक्स्चेंज मेम्ब्रेनची. पेमचा आटोपशीरपणा आणि अल्कलाइनचे स्वस्त धातू, दोन्ही एकत्र. पडदा फ्लोरिनविना बनवता येतो, कॅटॅलिस्ट निकेल-लोखंडाचे. ऑइल इंडियाने एप्रिल २०२२ मध्ये आसामात जोरहाटला अशा १०० किलोवॅटच्या यंत्रावर दिवसाला १० किलोचा प्रकल्प सुरू केला होता. मग हा मार्ग लगेच का नाही? कारण या पडद्यातून हायड्रॉक्साइडचे आयन वाहतात आणि तेच हायड्रॉक्साइड पडद्यावरच्या, आयनांना वाट देणाऱ्या अमोनियम गटांना खाते. ज्याच्यासाठी दार केले तोच चौकट उखडतो. नव्या बहुवारिकांनी (पॉलिमरनी) हे बरेच सावरले आहे, पण साठ हजार तासांची खात्री अजून कोणाकडेच नाही. म्हणूनच इथे शर्यत खुली आहे. पेमच्या शर्यतीत आपण पन्नास वर्षे मागे आहोत. इथे सगळेच धापा टाकत आहेत. भावनगरचे केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थान आयन-विनिमय मेम्ब्रेनवर अनेक दशके काम करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरचा आणि फ्युएल सेलचा अनुभव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात दाखवलेली हायड्रोजन बस हे सीएसआयआर, म्हणजे या दोन्ही संस्था चालवणारी सरकारी परिषद, आणि केपीआयटी ही कंपनी यांचेच काम. माणसे नाहीत असे कोणी म्हणू नये.

नाही ते तास. पीएचडीचा विद्यार्थी चार-पाच वर्षांत मेम्ब्रेन बनवतो, पाचशे तास चालवतो, आलेख सपाट दिसला की निबंध पाठवतो आणि पुढच्या नोकरीला लागतो. त्याच्यावर टीका नाही. त्याला मिळालेल्या वेळात एवढेच बसते. पण इलेक्ट्रोलायझर बनवणारा उद्योजक त्या निबंधाला काय करणार? त्याला बँकेला आणि ग्राहकाला वॉरंटी द्यायची असते. तो केमूर्सचे किंवा आग्फाचे नाव सांगतो आणि विषय संपतो. देशी पडदा दहा टक्के चांगला असला तरी त्याला कोणी हात लावणार नाही, आणि कोणी हात लावला नाही म्हणून त्याचे तास कधी भरणार नाहीत. हे कोडे बाजार सोडवणार नाही.

बाजार का सोडवणार नाही, याचे एक कारण साध्या गणितात आहे. पेमचा पडदा चौरस मीटरमागे साधारण ३८ किलोवॅट पेलतो. म्हणजे एका गिगावॅटला जेमतेम २६ हजार चौरस मीटर, साडेसहा एकर. अल्कलाइनचा पडदा कमी प्रवाह पेलतो, त्याला एका गिगावॅटमागे तीसेक एकर लागेल. प्लास्टिकच्या उद्योगात ही मापे हास्यास्पद आहेत. एवढ्यासाठी कोणी खासगी कारखानदार थर देण्याची महागडी लाइन टाकून सात वर्षे वाट पाहणार नाही. टाकली तरी पहिली काही वर्षे त्याचा माल वाईटच निघेल, आणि तो विकत घेणारा कोणी असल्याशिवाय सुधारणार नाही.

म्हणून सरकारने अनुदान वाढवू नये, त्याची जागा बदलावी. इलेक्ट्रोलायझरच्या ४,४४० कोटींतला काही हिस्सा पडद्याशी बांधावा: देशात बनलेला, फ्लोरिनविरहित पडदा वापरला तर किलोवॅटमागे जादा, आणि मूल्यवर्धनाच्या टक्केवारीत मेम्ब्रेन वेगळे मोजावे, म्हणजे पोलादाच्या चौकटीआड ते लपणार नाही. प्रात्यक्षिकाच्या १,४६६ कोटींतून सार्वजनिक कंपन्यांच्या प्रकल्पांत काही स्टॅक (सेलच्या चळती) देशी पडद्यासाठी राखून ठेवावेत आणि ते बिघडले तर अधिकाऱ्याच्या मागे चौकशी लागणार नाही अशी लेखी हमी द्यावी. हे शेवटचे कलम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे.

महाराष्ट्रानेही यात हात घालावा. राज्याचे हरित हायड्रोजन धोरण जुलै २०२३ मध्ये आले, ८,५६२ कोटींचे, २०३० पर्यंत वर्षाला पाच लाख टनांच्या लक्ष्याचे. त्यातल्या सवलतींचा मोठा भाग वीज वाहून नेण्याच्या आकाराशी आणि विद्युत शुल्काशी संबंधित आहे. विजेची सवलत कोणतेही राज्य देऊ शकते. उद्या शेजारच्याने दोन पैसे जास्त सोडले की प्रकल्प तिकडे. पॉलिमरची प्रयोगशाळा, सोलापूरचा द्रावक, थळ आणि ट्रॉम्बेला नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवणारी सरकारी खत कंपनी आरसीएफ, जिला पुढेमागे हाच हायड्रोजन लागणार आहे, या गोष्टी शेजारच्याला सवलतीने नेता येत नाहीत.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. चीनने अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर इतके स्वस्त केले आहेत, जगातली निम्म्याहून अधिक निर्मिती क्षमता तिथे आहे, की आपण पडद्यापासून सुरुवात करेपर्यंत बाजार संपलेला असेल. असू शकेल. पण मग इलेक्ट्रोलायझरच्या जोडणीला किलोवॅटमागे हजारो रुपये कशासाठी द्यायचे? स्वस्तच हवे असेल तर अख्खे यंत्र घ्यावे आणि ते ४,४४० कोटी वाचवावेत. देशात बनवायचे असेल तर त्याचे मर्म देशात बनवावे. अर्धवट स्वदेशी हा यातला सर्वांत महाग पर्याय आहे. पाण्यापासून हायड्रोजन आपल्याला नवा नाही. पंजाबात नांगलला १९६० च्या दशकात भाक्राच्या विजेवर पाण्याचे विघटन करून खत बनत होते, जगातल्या मोठ्या अशा प्रकल्पांपैकी तो एक होता. यंत्रे परदेशी होती. पुढे वीज महागली, दुसरा कच्चा माल स्वस्त वाटला आणि तो प्रकार बंद पडला, तेव्हा त्या अनुभवातून देशात एकही इलेक्ट्रोलायझरचा कारखाना उरला नव्हता.

आणि चाचणीचे केंद्र हवे. शंभर-दोनशे सेल एका छपराखाली, देशातल्या कोणाचाही पडदा आणा, तोच दाब, तेच तापमान, सकाळ-संध्याकाळ भार कमीजास्त, सात वर्षे सलग, आणि दर महिन्याला आकडे सर्वांसाठी खुले. यात उद्घाटनाची फीत कापण्यासारखे काही नाही, फोटोही बरा येणार नाही, कदाचित म्हणूनच ते अजून झालेले नाही. सात वर्षांत दोन सरकारे आणि चार सचिव बदलतील, तोवर सेल चालू राहिले पाहिजेत. त्यांना अखंड वीज लागेल. केंद्र पुण्यात आले तर निविदेत सर्वांत आधी जनरेटर लिहावा.